देवासचे पाणी: तलावापासून शेततळ्यापर्यंत
माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा कातळ आहे. पावसाचे पाणी या कातळाच्या भेगांतच मुरते आणि हा साठा सावकाश भरतो. क्षिप्रा नदी देवासपासून काही अंतरावरून वाहते. त्यामुळे चामुंडा टेकडीच्या पायथ्याच्या या शहराची भिस्त तलाव-विहिरींवर होती. अठराव्या शतकात तुकोजी व जिवाजी पवार यांनी स्थापलेल्या देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीची राज्ये 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झाली.

पुढच्या काळात लहान तलाव बुजवून त्यांवर घरे व कारखाने उभे राहिले आणि पाण्याचा भार ट्यूबवेलवर आला. तलाव आटला तर साऱ्या गावाला दिसतो; ट्यूबवेलची पातळी मात्र उपसा थांबेपर्यंत कळत नाही. अखेर 1990 च्या उन्हाळ्यात इंदूरहून रेल्वेने देवासला पाणी आणावे लागले.

जिल्हाधिकारी मोहन राव यांच्या काळात छपरावरचे पाणी ट्यूबवेलमध्येच सोडण्याचा उपाय पुढे आला. त्यासाठीची गाळणी 'देवास फिल्टर' म्हणून ओळखली जाते. सुमारे 140 मिलिमीटर व्यासाच्या, 1.2 मीटर लांबीच्या पीव्हीसी नळीत तीन कप्पे असतात: पहिल्यात 2 ते 6, दुसऱ्यात 6 ते 12 आणि तिसऱ्यात 12 ते 20 मिलिमीटरचे खडे. ही गाळणी साफ ठेवण्याचे काम घरमालकाकडे आले.

2006 मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी हाच विचार शेतात नेला. शेतकऱ्याने जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्यासाठी द्यावा, असे आवाहन झाले. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आणि ट्यूबवेल दोन्ही होते, अशा मोठ्या शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली. पदरचे पैसे घालून तळे खोदणाऱ्याला 'भागीरथ कृषक' आणि तळ्याला 'रेवासागर' म्हटले गेले. तळ्यातले पाणी डोळ्यांसमोर असल्याने रब्बीत किती पेरायचे, याचा अंदाज शेतकऱ्याला बांधावरूनच येऊ लागला. 2007 मध्ये राज्य सरकारने शेततळ्यांना अनुदान देणारी बलराम तालाब योजना सुरू केली.

नदीचा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने हाताळला गेला. 2014 मध्ये नर्मदेचे पाणी उपसून इंदूरजवळच्या उज्जैनी गावी क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्यात आले. उन्हाळ्यात क्षिप्रेला पाणी राहावे, हा त्यामागचा एक हेतू होता. पण नदीचा स्वतःचा उन्हाळी प्रवाह पाणलोटात मुरणाऱ्या पाण्यावरच टिकतो. म्हणून नदीची राखण पात्राइतकीच तळी आणि विहिरी सांभाळणाऱ्यांच्याही हाती राहते.