डबा रिकामा आला का?

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाट येतो. काडीसारखे हातपाय, पुढे आलेलं पोट, आणि अंगणवाडीत वजनकाट्यावर ठेवलेलं रडणारं पोर. ते चित्र खोटं नाही. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून निदान त्या पोराचं वजन कुठल्यातरी वहीत लिहिलं जायला लागलं. पण त्याच घरातल्या आजीचं वजन? ते कुणाच्याच वहीत नाही.

२०१७-१८ मध्ये आपल्याकडे वृद्धांची एक मोठी देशव्यापी पाहणी झाली. साठीच्या पुढच्या दर चार माणसांमागे एकाहून अधिक माणसं, म्हणजे सुमारे २७ टक्के, उंचीच्या मानाने कमी वजनाची निघाली. ही माणसं हॉस्पिटलात नाहीत, वृद्धाश्रमातही नाहीत. आपापल्या घरी आहेत, आणि विचारलंत तर "आम्ही मजेत आहोत" म्हणतील. तर मंडळी, आजचा विषय हाच: घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या पोटात नीट अन्न जातंय की नाही, ही पंचाईत सार्वजनिकरीत्या करायला कुणी आणि कधी सुरुवात केली?

गोष्ट सुरू होते महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये. १९३८ साली लेडी रीडिंग नावाच्या बाईंनी विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस ही स्वयंसेविकांची संघटना काढली. (आपल्याकडे १९२१ ते १९२६ व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड रीडिंगची ही दुसरी पत्नी. स्वतःही दिल्लीत व्हाइसरॉयच्या कचेरीत काम केलेली.) काम होतं हवाई हल्ल्यांपासून बचाव, पोरांना खेडेगावात हलवणं वगैरे. पण करता करता या बायकांना वेगळंच काही दिसायला लागलं. रेशनिंगमुळे प्रत्येकाचा वाटा ठरलेला होता, म्हातारीच्या हातात रेशनबुक होतं. मात्र रांगेत उभं राहण्याइतकं बळ पायात नव्हतं, आणि एकटीसाठी चूल पेटवायची इच्छा नव्हती. १९४३ साली हेमेल हेम्पस्टेड या गावी त्यांनी शिजवलेलं जेवण घरोघर पोचवायला सुरुवात केली. 'मील्स ऑन व्हील्स' म्हणून पुढे जगभर गेलेली कल्पना ती हीच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अन्नाचा साठा होता, वाटपाची यंत्रणाही होती. अडलं होतं ते शेवटच्या पन्नास पावलांवर, दुकानापासून ताटापर्यंत.

युद्ध संपलं, पण काम संपेना. १९४८च्या कायद्याने स्थानिक संस्थांना अशा सेवाभावी मंडळांना पैसे द्यायची मुभा मिळाली. स्वतः जेवण पुरवायची परवानगी मात्र थेट १९६२ साली! तोवर सगळा भार स्वयंसेविकांवर. त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला आठवड्यातून एक-दोनदाच गरम जेवण यायचं. मग उरलेल्या दिवशी काय?

हा प्रश्न एक्स्टन-स्मिथ नावाच्या डॉक्टरांनी मनावर घेतला. त्यांनी आणि बेटी स्टँटन यांनी उत्तर लंडनमध्ये एकट्या राहणाऱ्या ६० वृद्ध स्त्रिया काय खातात हे तपशिलात लिहून काढलं. १९६५ साली अहवाल आला. सत्तरीच्या सुरुवातीला असलेल्या बायकांपेक्षा पुढच्या वयातल्या बायकांचं खाणं बरंच कमी होतं. "वय झालं की भूक कमी व्हायचीच" असं म्हणून फाइल बंद करता आली असती. पण काही वर्षांनी ते त्यातल्याच काही बायकांकडे पुन्हा गेले. ज्यांची तब्येत ठणठणीत होती त्यांचं खाणं फारसं घटलंच नव्हतं! घटलं होतं ते आजारी पडलेल्यांचं, घराबाहेर पडणं बंद झालेल्यांचं. म्हणजे गुन्हेगार निव्वळ वय नव्हतं. १९७० च्या दशकातल्या सरकारी पाहणीतही तेच सूत्र दिसलं. सत्तरीपुढच्यांत सुमारे ७ टक्के कुपोषित, आणि ऐंशीच्या पुढे प्रमाण जवळपास दुप्पट. कारणं म्हणाल तर आजारपण, घरात अडकून पडणं, जोडीदार जाणं.

अमेरिकेत ही कल्पना १९५४ साली फिलाडेल्फियात पोचली, तिथे डबे पोचवायला शाळकरी पोरं होती. पुढे सरकार उतरलं. १९७२ साली निक्सन यांनी वृद्धांच्या जेवणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमावर सही केली. वय साठ पुरे, उत्पन्नाचा दाखला नको, आठवड्यातून पाच दिवस गरम जेवण आणि त्यात दिवसभराच्या पोषणाचा निदान एक तृतीयांश वाटा. पण मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं कलम वेगळंच वाटतं. जेवण शक्यतो एकत्र बसून करायचं! पंगतीत दोन घास जास्त जातात हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण तिथे ते कायद्यात लिहिलं गेलं. घरपोच डब्यांसाठी वेगळी तरतूद १९७८ साली झाली.

आता थोडं विज्ञान. १९९४ साली सुझन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी तरुण आणि वयस्क पुरुषांना तीन आठवडे गरजेपेक्षा कमी खायला दिलं आणि मग "आता हवं तेवढं खा" म्हणून मोकळं सोडलं. तरुणांनी ताव मारून वजन भरून काढलं. वयस्कांनी नाही. भुकेचा काटा जणू खालीच अडकला. म्हणजे तुम्हीआम्ही तापाने फणफणून उठलो की चार दिवसांत मिसळपाव शोधतो, पण आजोबांचं तापात गेलेलं वजन आपोआप परत येईल या भरवशावर राहता येत नाही. मुद्दाम लक्ष घालून ते आणावं लागतं. नाहीतर स्नायू जातात, तोल जातो, माणूस पडतो.

म्हणून २००३ साली ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी एक साधी चाचणी काढली, 'मस्ट' नावाची. उंचीच्या मानाने वजन किती, गेल्या तीन ते सहा महिन्यांत प्रयत्न न करता किती घटलं, आणि मोठ्या आजारपणामुळे पाच दिवसांहून जास्त खाणं बंद आहे का. बस्स. पाच टक्के घट झाली की धोक्याची पहिली घंटा. पन्नास किलोच्या आजीचे ते अडीच किलो झाले. साडीत कळतसुद्धा नाहीत.

आपल्याकडे काय झालं? तामिळनाडूने १९८२ साली मुलांसाठी पोषक आहार योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली आणि १९८३ साली त्याच केंद्रांवर वृद्ध पेन्शनरांनाही जेवायला बसवलं. चूल तीच, पंगत तीच, फक्त दोन पानं जास्त. केंद्र सरकारची अन्नपूर्णा योजना २००० साली आली, पेन्शन न मिळालेल्या निराधार वृद्धांना महिना १० किलो मोफत धान्य. हेतू उत्तम, पण पुन्हा तोच १९४३ चा प्रश्न: धान्य आणणार कोण, शिजवणार कोण, आणि ती जेवली का हे बघणार कोण?

ब्रिटनमध्ये गंमत अशी झाली की पुढे खर्च वाचवायला कितीतरी ठिकाणी रोजच्या गरम डब्याऐवजी आठवड्याचे गोठवलेले डबे एकदम द्यायला लागले. कॅलरी तेवढ्याच. पण दारावरची रोजची थाप गेली. २०१० नंतरच्या काटकसरीत तर अनेक कौन्सिलांनी सेवाच बंद केली. आमच्या भाषेत सांगायचं तर निरोप पाठवणं चालू राहिलं, पोच घेणं बंद झालं.

आणि हे आपल्याला लागू नाही असं समजू नका. आपण बंगळुरात नाहीतर न्यू जर्सीत, आईबाबा नाशकात नाहीतर सांगलीत. पैसे वेळेवर जातात, किराणा ॲपवरून घरी पडतो, फोनवर "जेवलीस का?" विचारलं की "हो रे, जेवले" हे उत्तर ठरलेलं. त्या "जेवले"त सकाळची पोळी दुधात कुस्करलेली असते. "एकट्या जिवाला किती लागतं?" हे वाक्य तर प्रत्येक घरात आहे.

तेव्हा "जेवलीस का?"च्या जागी "काय जेवलीस? सोबत कोण होतं?" असं विचारून बघा. डबा लावला असेल तर डबेवाल्या मावशींना विचारा, डबा रिकामा परत येतो का? आणि घरात एक वजनकाटा ठेवून महिन्याच्या एक तारखेला आकडा कॅलेंडरवर लिहायला सांगा. कालनिर्णयाच्या पानावर दुधाचा हिशोब मावतो, तर आईचं वजनही मावेल.

असो. पुढच्या वीकएंडला भेटू.