ओल्या चादरी आणि १९३५ ची धूळ

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर.

२३ जानेवारी २०२२ चा रविवार आठवतोय? पाकिस्तानकडून निघालेली धूळ मुंबईपर्यंत आली आणि पार्किंगमधल्या गाड्यांवर पांढुरकी भुकटी बसली. आता कल्पना करा, असं अधूनमधून कित्येक वर्षं चालू आहे, आणि तुमच्याकडे ना एअर प्युरिफायर, ना एन-९५, ना अँटिबायोटिक. अमेरिकेत १९३० च्या दशकात हे घडलं. त्याला ‘डस्ट बोल’ म्हणतात.

पार्श्वभूमी झटपट सांगतो. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको या राज्यांच्या सीमा जवळ येतात तिथे गवताळ माळ होता. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला, मग ट्रॅक्टर आले, गवत उखडून नांगरणी झाली. १९३१ पासून दुष्काळ. पीक गेलं, गवताची मुळं आधीच गेलेली. माती धरून ठेवायला काहीच उरलं नाही, आणि ती उडायला लागली.

पुस्तकांत त्या काळ्या ढगांचे फोटो भरपूर असतात. मला घराच्या आत काय चाललं होतं यात जास्त रस आहे. बायका खिडक्यांच्या फटींवर गोंदाच्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या, दाराखाली चिंध्या कोंबायच्या, खिडक्यांवर ओल्या चादरी टांगायच्या. जेवणाची ताटं शेवटच्या क्षणापर्यंत पालथी. रात्री झोपताना तोंडावर ओलं फडकं. कॅरोलाइन हेंडरसन नावाची ओक्लाहोमातली शेतकरी बाई पत्रं लिहायची, ती पुढे १९३६ मध्ये ‘अटलांटिक’ मासिकात छापून आली. तोंडाला रुमाल बांधून आणि नाकपुड्यांत व्हॅसलीन लावून आपण घर कसं साफ करतो, हे तिने त्यात लिहिलंय. साफ करायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही घरांत धूळ फावड्याने काढावी लागे.

मग आला १४ एप्रिल १९३५. हाही रविवार. बऱ्याच आठवड्यांनी सकाळी आकाश निळं दिसलं, म्हणून लोकांनी खिडक्या उघडल्या, अंथरुणं बाहेर टाकली, कपडे वाळत घातले, काही जण फिरायला गेले. दुपारी उत्तरेकडून मातीची काळी भिंत आली आणि भरदिवसा स्वतःचा हात दिसेना. त्या दिवसाचं नाव पडलं ‘ब्लॅक संडे’.

आता थोडं इंजिनिअरिंग, चालेल ना? ओली चादर म्हणजे एक साधा फिल्टर. जाड कण त्यात अडकतात, बारीक निसटतात. बंद खोलीतल्या शांत हवेत दहा मायक्रॉनचा मातीचा कण छतापासून जमिनीवर काही मिनिटांत येतो. एक मायक्रॉनच्या कणाला कित्येक तास लागतात. म्हणजे वादळ संपलं, टेबलावरची धूळ पुसली, घर चकचकीत दिसलं, तरी फुफ्फुसात खोल जाणारी धूळ हवेत तरंगतेच आहे. त्यात कोणी कोरडा झाडू मारला की बसलेलीही पुन्हा वर! शिवाय दिवसा अंधार, म्हणून रॉकेलचे दिवे. सगळ्या फटी बुजवलेल्या घरात तो धूर जाणार कुठे?

लोकांना ‘डस्ट न्यूमोनिया’ व्हायला लागला, सगळ्यात जास्त धोका लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना. पेनिसिलिन औषध म्हणून मिळायला अजून काही वर्षं होती. रेड क्रॉसने मास्क वाटले, तात्पुरती इस्पितळं उघडली. तिथेही खिडक्यांवर ओल्या चादरीच! त्या बायकांच्या मेहनतीला मी तोड मानत नाही, पण हत्यारच अपुरं होतं. बारीक कण पकडणारा हेपा फिल्टर १९४० च्या दशकात, अणुबॉम्बच्या प्रकल्पात तयार झाला. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो. आज तो ईएमआयवर मिळतो.

त्यामुळे पुढच्या वेळी धूळ आली तर वादळात खिडक्या बंद, हे तर कॅन्ससमधल्या आजीलाही माहीत होतं. खरं काम नंतरचं आहे. ॲपवर बाहेरचा एक्यूआय उतरलेला दिसला की समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळवा. झाडू नको, ओलं फडकं. एसीची जाळी काढून धुवा, नाहीतर साठलेली धूळ तोच परत खोलीत सोडेल. आणि घरात दम्याचं कोणी असेल तर पुसायचं काम त्यांच्याकडे देऊ नका.

तिकडे ‘ब्लॅक संडे’नंतर १३ दिवसांनी, २७ एप्रिल १९३५ ला, मृदसंधारणाचा कायदा झाला. शेतकऱ्यांना उताराला आडवी नांगरट शिकवली, वारा अडवायला झाडांचे पट्टे लावले, काही जमिनीवर पुन्हा गवत पेरलं. चांगला पाऊस परतायला मात्र १९३९ उजाडलं, आणि तोवर खिडक्यांवरच्या चादरी रोज भिजवल्या जात होत्या.