शिवणयंत्रावर घडलेली मापे

कारखानदारीच्या इतिहासात यंत्रांचे पोवाडे पुष्कळ गाइले गेले. परंतु ज्या मापांवाचून एका यंत्राचा सुटा भाग दुसऱ्यात बिनतक्रार बसता ना, त्यांचे कुलवृत्त सहसा कोणी विचारीत नाही. स्वीडनमधील एस्किल्स्टुना येथील सरकारी बंदूक कारखान्यात नोकरीस असलेला कार्ल एडवर्ड योहान्सन माउझर या बंदूक कंपनीच्या जर्मनीतील कारखान्यात गेला, तेव्हा बंदुकीच्या प्रत्येक मापासाठी निराळा पोलादी ठोकळा बाळगण्याची तेथील वहिवाट त्याने पाहिली, आणि तिचा खर्च मनात मांडता मांडताच, मोजके ठोकळे एकमेकांस जोडून हवे ते माप साधावे, ही युक्ती त्यास स्फुरली.

त्याच्या संचात ठोकळे अवघे 102. 37.86 मिलिमीटर हवे असतील, तर 1.36, 11.5 आणि 25 हे तीन घ्यावयाचे. आणि अशा रीतीने 1 पासून 201 मिलिमीटरपर्यंत, शतांश मिलिमीटरच्या अंतराने, सुमारे 20,000 मापे सिद्ध होत. ठोकळ्यांवरील अखेरचे सूक्ष्म घासकाम मात्र योहान्सनने घरीच केले, तेही पत्नीच्या शिवणयंत्राचे घासणयंत्र करून! त्या घरातील शिवणकामाचे पुढे काय झाले, ही शंका चरित्रकारांआधी गृहिणींनाच येईल. 1901 मध्ये त्यास स्वीडनचे पेटंट मिळाले, आणि 1923 मध्ये हेन्री फोर्डने त्यास अमेरिकेत आपल्या पदरी घेतले.

आपल्याकडील टूलरूममध्ये याच ठोकळ्यांना स्लिप गेज म्हणतात. त्यांची पृष्ठे इतकी सपाट असतात, की दोन स्वच्छ ठोकळे किंचित दाबून एकमेकांवर सरकविले म्हणजे ते चिकटतात आणि ओढून सहजासहजी सुटत नाहीत. मात्र ठोकळ्यांच्या मापाची किमया तपमानाच्या अंमलाखाली चालते. मापांचे प्रमाण तपमान 20 अंश सेल्सिअस ठरले आहे, आणि पोलादाचा 100 मिलिमीटरचा ठोकळा दर अंशास एका मायक्रॉनहून किंचित अधिक वाढतो. म्हणजे पुण्याच्या वैशाखात, 38 अंशांच्या खोलीत, तो सुमारे 20 मायक्रॉन लांब झालेला असतो. मोजावयाची वस्तूही पोलादी आणि तितकीच तापलेली असेल तर बिघडत नाही. बिघडते ते ठोकळा मुठीत धरून बसल्याने.

घरच्या कार्यशाळेत ज्यांनी असा संच किंवा साधा मायक्रोमीटर बाळगला आहे, त्यांनी काम संपताच जोडलेले ठोकळे सुटे करावेत, घामाचे डाग पुसून व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा, आणि मायक्रोमीटरची तोंडे एकमेकांस न टेकविता, किंचित उघडी ठेवूनच तो पेटीत ठेवावा.