विक्रमाचं मूळ गाव पैठण

हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि त्या प्रेतातून बोलणारा वेताळ. चांदोबा वाचत वाढलेल्या मराठी माणसाला या चित्राची ओळख करून द्यावी लागत नाही. ते चित्र शंकर यांचं, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांचं. मासिक निघायचं मद्रासहून. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी ते जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमधून सुरू केलं. १९५२ मध्ये ते ‘चांदोबा’ होऊन मराठीत आलं. त्यातला विक्रम आपण उज्जैनचा मानतो. पण त्याचा माग काढत गेलं तर आपण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी येऊन पोचतो.

मराठीत ही कथा चांदोबाच्या जवळपास सव्वाशे वर्षं आधीच छापली गेली होती. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० ची. त्याहून मागे, अकराव्या शतकात, काश्मीरच्या सोमदेवाने सूर्यवती राणीसाठी ‘कथासरित्सागर’ रचला आणि त्यात वेताळाच्या पंचवीस कथा घेतल्या. तिथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. उज्जैनच्या विक्रमादित्याशी त्याचं नाव जोडलं गेलं ते पुढच्या परंपरेत.

सोमदेव आपल्या ग्रंथाचं मूळही पैठणलाच नेतो. सातवाहन राजाच्या दरबारातला गुणाढ्य एक पैज हरला आणि ठरल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडून बसला. उरली पैशाची. तिच्यात त्याने सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती झिडकारली. मग गुणाढ्य रानात गेला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचलेलं पान अग्नीत टाकू लागला. हरणं, रानडुकरं चरायचं विसरून ऐकत राहिली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. राजा धावत आला तोवर एक लाख श्लोकच उरले होते. ही झाली आख्यायिका. बृहत्कथा आज उपलब्ध नाही, आणि वेताळकथा तिच्यात मुळात होत्या की काश्मीरमध्ये मिसळल्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण सोमदेवाने राजा पैठणचा सांगितला, यात शंका नाही.

या कथेचा सांगाडा फार पक्का आहे. झाडावरचं प्रेत आणताना राजाने मौन पाळायचं. वेताळ गोष्ट सांगून शेवटी प्रश्न घालतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. बोललास तर मी परत झाडावर. राजा खरं तेच बोलतो आणि पुन्हा पहिल्यापासून चालू लागतो. असं पुन्हा पुन्हा घडतं. शेवटच्या प्रश्नाला उत्तरच नसतं, तेव्हा तो गप्प राहतो आणि त्याच्या धीरावर वेताळ प्रसन्न होतो. या सांगाड्यात कोणतीही नवी गोष्ट बसते. म्हणूनच तो तिबेट आणि मंगोलियातल्या कथांपर्यंत गेला, आणि मूळच्या पंचवीस कथा संपल्यावरही चांदोबाने त्यात नव्या गोष्टी घालून अनेक वर्षं मुलांना वाचायला दिल्या. भीती असूनही मुलं रमली, कारण प्रत्येक गोष्ट न्यायाच्या प्रश्नावर थांबते आणि राजा कधी खोटं बोलत नाही.

छापील चांदोबा आता निघत नाही. शंकर २०२० मध्ये गेले. गोष्ट मात्र कोणाच्या मालकीची नाही. पैठण म्हटलं की आपल्याला नाथमहाराज, पैठणी आणि जायकवाडी आठवतात. त्या यादीत त्रिविक्रमसेनाचं नाव घालायला हवं. चित्रकारांनी गोदाकाठचा हा राजा नव्याने रंगवावा, प्रकाशकांनी त्याचं देखणं पुस्तक मुलांच्या हाती द्यावं आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांनी गोष्ट सांगताना राजाचं गाव न चुकता सांगावं.