मालक कोण, मुभा कोणाला?

तानसा तलाव शहापूर तालुक्यात आहे. 1892 साली पूर्ण झालेले हे धरण मुंबई महानगरपालिकेचे. पाणी जाते मुंबईला. भोवतालच्या अभयारण्याचा कारभार वनखात्याकडे. पाणी दिसणे, पाणी घेता येणे आणि पाण्यावर मालकी असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काठच्या गावकऱ्यांना शिकवावे लागत नाही. संगणकातील फाइलींबाबत मात्र हा फरक हळूहळू उमगत गेला. तो इतिहास सातबाऱ्याशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे.

मुंबई इलाख्यात जमिनीच्या हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली झाला. गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराचे नाव एकीकडे. कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा यांच्या नोंदी दुसरीकडे, इतर अधिकारांच्या रकान्यात. नाव बदलायचे तर फेरफाराची नोंद, संबंधितांना नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन. मालकी, परवानगी आणि बदलाचा माग यांना आपापली जागा आहे.

एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची सीटीएसएस ही प्रणाली अमेरिकेत एमआयटीमध्ये 1961 साली दाखवण्यात आली. माणसे वाढताच 'ही फाइल कोणाची?' हा प्रश्न आला. सांकेतिक शब्द देऊन भागेना. 1962 साली अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने सर्वांच्या सांकेतिक शब्दांची फाइलच छापून घेतली. कारण साधे होते, त्याला संगणकावर जास्त वेळ हवा होता! पुढे मल्टिक्स प्रणालीत कोणाला कोणती मुभा याची यादीच फाइलीला जोडली गेली. युनिक्सने 1970च्या दशकात हे आटोपशीर केले. मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग. वाचणे, लिहिणे, चालवणे अशा तीन मुभा. झाले नऊ बिट, म्हणजे 512 प्रकारची मांडणी. वर्गात फळ्यावर करून घेण्याजोगा हा हिशेब आहे.

2006 साली अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा सुरू झाली. फाइल आता दूरच्या, दुसऱ्याच्या यंत्रावर राहू लागली. तिथे एक गंमत होती: आपल्या कप्प्यात दुसऱ्या खातेदाराने फाइल ठेवली, तर ती त्याचीच राही आणि कप्प्याच्या मालकालाही वाचता येईलच असे नसे. खरा धोका मात्र उघड्या कप्प्यांचा. 2017 साली अमेरिकेतील सुमारे 19 कोटी 80 लाख मतदारांची माहिती अशा उघड्या कप्प्यात सापडली. कोणी कुलूप फोडले नव्हते. ते लावलेच नव्हते. 2018 साली संपूर्ण खात्यालाच लागू होणारी बंदी आली. ती लावली की कप्प्यावर दिलेली खुली परवानगी चालत नाही. शहापूर-मुरबाडच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार आदिवासी खातेदार मालक असूनही आपली जमीन बिगर आदिवासीला परस्पर विकू शकत नाही. एप्रिल 2023 पासून अ‍ॅमेझॉनने नवे कप्पे मुळातच बंद ठेवले, आणि आतल्या फाइलींची मालकी कप्प्याच्या मालकाकडे दिली.

शाळेत हा प्रश्न बदलीच्या वेळी उभा राहतो. मुलांची नावे, जन्मतारखा, गुण असलेली फाइल एखाद्या शिक्षकाच्या खासगी गूगल ड्राइव्हवर असते आणि दुवा ज्याच्या हाती, त्याला ती वाचता येईल अशी सोय कधीतरी केलेली असते. शिक्षक दुसऱ्या तालुक्यात जातात, मालकी त्यांच्याबरोबर जाते, दुवा मात्र फिरत राहतो. ते खाते बंद केले तर फाइलही जाते. म्हणून बदलीपूर्वी दुवा बंद करून मालकी हस्तांतरित करावी. खासगी खात्यांत ही विनंती समोरच्याने स्वीकारावी लागते. तोवर मालक म्हणून जुनेच नाव राहते.