सुवर्णपदकाची गोष्ट



शाळेचे स्नेहसंमेलन आपण सर्वांनी पाहिलेले आहे. बक्षीस-समारंभाच्या दिवशी पटांगणात मांडव पडतो, तालुक्याहून पाहुणे येतात, टेबलावर पेले आणि पुस्तके मांडली जातात. बक्षीस घेणारी मुले दहा-बारा आणि टाळ्या वाजवणारी पाचशे. आम्ही शिक्षक मंडळी त्या दिवशी मनातून जरा धास्तावलेली असतो. या शाळेत कशाला चांगले म्हणतात, हे त्या एका दिवशी साऱ्या गावाला कळणार असते. धावण्यात पहिल्या आलेल्या मुलाला पेला आणि वर्षभर आजारी भावाला खांद्यावर घेऊन शाळेत येणाऱ्या मुलाला काहीच नाही, असे झाले की गाव ते विसरत नाही.

राष्ट्राचेही असेच असते. आपल्या देशात दरवर्षी चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात. राष्ट्रपतींच्या हस्ते सुवर्णकमळ, रजतकमळ दिल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रात येतात. आपण ती पाहतो आणि पान उलटतो. परंतु या समारंभाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि त्याच्या पहिल्याच पानावर एका मराठी शिक्षकाच्या आईचे नाव आहे. तीच हकिकत आज सांगावयाची आहे.

आपल्या देशात चित्रपटाचा जन्म झाला तो मराठी माणसाच्या हातून. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. पुढच्या तीन-चार दशकांत हा धंदा अफाट वाढला. पैसा आला, प्रसिद्धी आली. पण प्रतिष्ठा काही आली नाही. चांगल्या घरच्या माणसांनी सिनेमात जाऊ नये, आणि मुलांनी तर तो पाहूच नये, असे मानणारी घरे हजारोंनी होती. सरकारचाही चित्रपटाशी संबंध यायचा तो मुख्यतः दोन ठिकाणी : करमणूक-कर वसूल करताना आणि सेन्सॉरची कात्री चालवताना.

स्वातंत्र्य मिळाल्यावर या धंद्याचे करायचे काय, असा प्रश्न उभा राहिला. १९४९ साली सरकारने एक चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबईचे पुढारी स. का. पाटील, आणि सभासदांत आपले व्ही. शांताराम होते. १९५१ साली समितीने आपला अहवाल दिला. चित्रपटाला नुसते दटावून चालणार नाही, त्याला भांडवल, शिक्षण आणि उत्तेजन दिले पाहिजे, असा त्या अहवालाचा एकूण रोख होता. त्यानंतरच्या तीन वर्षांत, दरवर्षी उत्तम चित्रपटांना सरकारने पदके द्यावीत ही कल्पना प्रत्यक्षात आली.

आता एक गंमत पाहा. पदके देणारे खाते कोणते? माहिती व नभोवाणी खाते. आणि १९५२ पासून त्या खात्याचे मंत्री कोण? बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे पुन्हा मराठी माणूस. या केसकरांनी अभिजात संगीताच्या अभिमानापोटी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना कात्री लावली. परिणाम व्हायचा तोच झाला. लोकांनी रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात 'विविध भारती' सुरू करून आकाशवाणीला आपला श्रोता परत बोलवावा लागला. म्हणजे बघा, एकाच खात्याच्या एका हातात पदक होते आणि दुसऱ्या हातात कात्री. मी हे कुचेष्टेने सांगत नाही. त्या पिढीच्या मनातच चित्रपटाविषयी असे द्वंद्व होते. हे माध्यम बिघडवील अशी भीती होती, आणि त्याच माध्यमाने कोट्यवधी निरक्षरांना काही चांगले शिकवावे अशी आशाही होती.

अशा वेळी, १९५४ साली, पहिले पुरस्कार जाहीर झाले. १९५३ सालचे चित्रपट स्पर्धेत होते. त्यांत बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' होता. सावकारी पाशात सापडलेला शेतकरी आपली दोन बिघे जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्याला जाऊन माणसाने ओढायची रिक्षा ओढतो, ही त्याची कथा. त्याच वर्षी 'फिल्मफेअर' नियतकालिकाने वाचकांची मते मागवून आपले खाजगी पुरस्कार सुरू केले, आणि उत्कृष्ट चित्रपटाचा मान 'दो बिघा जमीन'ला दिला. सरकारी समितीनेही त्याला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र दिले. पण राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मात्र गेले 'श्यामची आई' या मराठी चित्रपटाला.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक लिहिले १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. ते प्रसिद्ध झाले १९३५ साली. दापोली तालुक्यातले पालगड हे त्यांचे गाव. अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते. पुस्तकातली आई अगदी साधी आहे. घरात दारिद्र्य आहे, आजार आहे. पण मुलगा पोहायला भ्याला तर त्याला घराबाहेर काढणारी आणि चुकला तर त्याच्याबरोबर स्वतःही रडणारी अशी ती आई आहे. या पुस्तकावर चित्रपट काढला आचार्य अत्र्यांनी. अत्रे नाटककार, पत्रकार, वक्ते. पण मुळात तेही शिक्षकच. पुण्यात त्यांनी अनेक वर्षे मुख्याध्यापकी केली, मुलांसाठी वाचनमाला लिहिली. आईचे काम वनमालाबाईंनी केले आणि श्याम झाला माधव वझे. साने गुरुजी मात्र हे पाहायला नव्हते. १९५० च्या जूनमध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला होता.

या निवडीचा अर्थ काय? एका शिक्षकाचे पुस्तक, दुसऱ्या शिक्षकाचा चित्रपट. कोकणातले एक घर, आणि भाषा मराठी. हिंदी चित्रपटाचा पसारा केवढा, त्याचे नटनट्या किती मोठे! तरीही देशाचे पहिले सुवर्णपदक प्रादेशिक भाषेतल्या चित्रपटाला मिळाले. नुकतेच स्वतंत्र झालेले राष्ट्र म्हणत होते, की आमच्या घरात धाकटी-थोरली अशी भाषांची प्रतवारी नाही. लवकरच निरनिराळ्या भाषांतल्या चित्रपटांना वेगळी रौप्यपदकेही मिळू लागली. पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या चित्रपटाला मराठीतले रौप्यपदक मिळाले. त्यानंतर बंगालीतला 'पथेर पांचाली' सुवर्णपदकाचा मानकरी ठरला.

इथे आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सरकारचे सुवर्णपदक घेतल्यावर दोन वर्षे जातात न जातात तोच अत्रे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून झटणारे पुढारी होते स. का. पाटील, म्हणजे त्या चौकशी समितीचेच अध्यक्ष. अत्र्यांनी त्यांच्यावर लेखणीचे आणि वाणीचे जे आसूड ओढले, ते जुन्या मंडळींना तोंडपाठ असत. पदक घेतले म्हणून अत्र्यांची जीभ बांधली गेली नाही. सरकारी पुरस्कार घेणारा सरकारचा बंदा होतो की काय, या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासाने असे सुरुवातीलाच देऊन ठेवले आहे.

१९५७ सालच्या चित्रपटांत सुवर्णपदक मिळाले व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला. चित्रपट हिंदी, पण त्याची मुळे माणदेशात. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत होती; भिंतीवाचून तुरुंग, आणि कैदी शेती करीत. त्या प्रयोगावरून ही कथा सुचली. ती लिहिली त्याच मुलुखातल्या ग. दि. माडगूळकरांनी.

पहिली काही वर्षे पदके चित्रपटांना होती, माणसांना नव्हती. १९६७ सालच्या चित्रपटांपासून नट, नटी आणि तंत्रज्ञ यांनाही पुरस्कार सुरू झाले. त्या पहिल्या वर्षी नर्गिस आणि उत्तमकुमार यांचा गौरव झाला. १९६९ च्या पुरस्कारांपासून फाळक्यांच्या नावाचा सर्वोच्च सन्मान सुरू झाला, आणि पहिला मान देविकाराणींना मिळाला. पुढे दुर्गा खोटे, शांताराम, लता मंगेशकर, भालजी पेंढारकर, आशा भोसले अशी मराठी नावे त्या यादीत आली.

हे सगळे झाले सन्मानाचे. पण तुम्ही म्हणाल, "मास्तर, पदकं मिळाली, झालं, आमच्या गावात ते सिनेमे आले का?" प्रश्न रास्त आहे, आणि या साऱ्या इतिहासातला अवघड प्रश्नही हाच आहे. पदक मिळालेले कितीतरी चित्रपट थिएटरवाल्यांनी लावलेच नाहीत. जत्रेतल्या तंबूत मारामारीचा आणि गाण्यांचा चित्रपट चाले. सुवर्णकमळाचा डबा तिथवर पोचत नसे.

या बाबतीत दूरदर्शनने एक चांगले काम केले. १९८० नंतरच्या दशकात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले चित्रपट देशभर दाखवले जात. त्यांत पुरस्कार मिळालेले पुष्कळ असत. मी तेव्हा लहान होतो. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत एक काळा-पांढरा संच होता. संध्याकाळच्या चित्रपटाला बसायला जागा मिळत नसे. दुपारच्या चित्रपटाला जेमतेम पंधरा माणसे. कधी मलयाळी, कधी बंगाली, कधी आसामी. बोलणे कळायचे नाही, आणि खाली अक्षरे उमटत ती इंग्रजी. मग आमचे गुरुजी संचाच्या बाजूला खुर्ची टाकून बसत आणि ती अक्षरे वाचून मराठीत सांगत. "तो म्हणतोय, कर्ज फेडल्याशिवाय बैल नेऊ देणार नाही." "ती म्हणतेय, पोराला शाळेत घालायचंच." गुरुजींचे सगळेच भाषांतर बरोबर असेल असे नाही. पण एकदा शेजारची म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "अगं बाई, हिचंबी आपल्यासारखंच हाय की!" राष्ट्रीय एकात्मतेवर मी पुढे पुष्कळ व्याख्याने ऐकली आणि दिलीही, पण त्या म्हातारीच्या वाक्याइतके मला काही पटले नाही.

'श्यामची आई'नंतर मराठी चित्रपटाला पुन्हा हा सर्वोच्च मान मिळायला बरोबर ५० वर्षे लागली. २००४ साली जाहीर झालेल्या पुरस्कारांत संदीप सावंत यांच्या 'श्वास'ने सुवर्णकमळ मिळवले. तीही घरातलीच गोष्ट. कोकणातले आजोबा, आणि डोळ्याच्या कर्करोगाने दृष्टी जाणार असलेला नातू. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला जग दाखवून आणतात. हा चित्रपट ऑस्करसाठी पाठवायचा ठरला, तेव्हा सर्वसामान्य माणसांनीही खर्चाला वर्गणी दिली. त्यानंतर 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' हे मराठी चित्रपट त्या मानाला पोचले. 'देऊळ'ने २०११ सालचा मान वाटून घेतला तो 'ब्यारी' या चित्रपटाशी. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा भाषेतला तो पहिलाच चित्रपट. १९५४ साली जे तत्त्व मानले गेले, ते इथे पुन्हा दिसले.

वादही झाले. २०१८ च्या समारंभात राष्ट्रपतींनी अकराच पुरस्कार स्वतः दिले, उरलेले मंत्र्यांच्या हस्ते दिले गेले. तेव्हा पन्नासच्या आसपास मानकरी समारंभाला गेलेच नाहीत. काहींना हा हट्ट वाटला. मला तसे वाटत नाही. ज्या ध्वनिमुद्रकाचे किंवा लहानशा माहितीपट काढणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही, त्याला नटाइतक्याच मानाने राष्ट्रप्रमुखांसमोर उभे राहता यावे, यातच या समारंभाचे वेगळेपण आहे. बक्षीस कोणाच्या हातून मिळाले हे पोरांना जन्मभर आठवते, हे शिक्षकांना मी काय सांगावे?

आणि आता या गोष्टीचे शेवटचे पान. 'श्यामची आई'वर सुजय डहाके यांनी नवा चित्रपट काढला. २०२५ साली ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान त्याला मिळाला. सत्तर वर्षांत सरकारे बदलली, पदकाची कमळे झाली. पालगडची ती माउली मात्र पुन्हा दिल्लीच्या व्यासपीठाशी जाऊन उभी राहिली.

शिक्षक बंधू-भगिनींनो, आता बहुतेक शाळांत पडदा आहे, निदान एखादा संच आहे. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी पुरस्कार मिळालेला एखादा चित्रपट मुलांना दाखवा. परभाषेतला असला तर फारच उत्तम. खुर्ची संचाच्या बाजूला घ्या आणि खालची अक्षरे वाचून सांगा. मुलांच्या आज्यांनाही बोलवा. निवड समितीने आपले काम केलेले असते. उरलेले काम आपल्याकडे आहे.