जुन्या कारखान्यांच्या जागा आणि मातीचा पुरावा : दोंडाईचा व खानदेशच्या संदर्भात

तापी खोऱ्यातून जाणारा सुरत-जळगाव रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या बाजारपेठा कापसाच्या मोठ्या व्यापाराशी जोडल्या गेल्या. त्यापूर्वीच, १८७० च्या दशकात, जळगावी खानदेश मिल उभी राहिली होती. अमळनेरची प्रताप मिल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील. स्थानकांच्या आसपास सरकी वेगळी करणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. या उद्योगांचा इतिहास भांडवल, मजूर आणि चळवळ या अंगांनी अभ्यासला जातो. ज्या जमिनीवर हे कारखाने चालले, त्या जमिनीचे काय झाले, हा प्रश्न इतिहासकार सहसा विचारीत नाहीत. जळगावच्या मिलच्या जागेवर आज व्यापारी संकुल आहे. बंद पडलेल्या जिनची जागा बिनशेती होऊन तेथे वसाहत होणे हेही नवलाचे राहिलेले नाही.

अशा जागेवरील मातीच्या प्रदूषणाचे मूल्यमापन प्रयोगशाळेत सुरू होते, असा समज आहे. वस्तुतः त्याचा पहिला टप्पा कागदपत्रांचा असतो. बॉयलर कोठे होता, राख कोठे टाकली जाई, तेलाची टाकी जमिनीत होती की वर, रंगखात्याचे पाणी कोणत्या नाल्यास मिळत होते, हे कळल्याशिवाय नमुना कोठे घ्यावा हेच ठरत नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्याखालील नोंदी, १९२५ च्या कापूस जिनिंग-प्रेसिंग कायद्यान्वये ठेवावयाची नोंदपुस्तके, नगर भूमापनाचे नकाशे, मिळकत पत्रिका, फेरफार आणि वृद्ध कामगारांच्या मुलाखती ही येथे प्राथमिक साधने ठरतात. हे काम इतिहासकाराचेच होय.

सर्व कारखान्यांचा वारसा मात्र सारखा नसतो. केवळ जिनच्या जागेवर मुख्यतः कोळशाची राख व यंत्रतेल यांचा शोध घ्यावा लागेल. कापड गिरणीत त्यात भर पडते ती रंगकामातील क्रोमियमच्या क्षारांची, बॉयलर व वाफेच्या नळ्यांवरील ॲस्बेस्टॉसची आणि जुन्या विद्युत रोहित्रांतील तेलाची. तेव्हा ‘जुना कारखाना म्हणजे विषारी जमीन’ असे सरसकट विधान करणे जितके चुकीचे, तितकेच तपासणीवाचून ती निर्धोक मानणेही चुकीचे.

खानदेशात आणखी एक अडचण आहे. येथील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असल्याने तिच्यात तांबे, निकेल व क्रोमियम यांचे नैसर्गिक प्रमाणच ग्रॅनाइटपासून बनलेल्या मातीपेक्षा अधिक असते. परदेशी मर्यादा जशाच्या तशा लावल्यास कधीही कारखाना नसलेले शेतही दूषित ठरू शकेल. उलट ‘आपल्या मातीत हे असतेच’ या सबबीखाली खरे प्रदूषण दडपताही येईल. म्हणून कारखान्यापासून दूरच्या, त्याच प्रकारच्या जमिनीतील नमुना तुलनेसाठी अपरिहार्य ठरतो. ही चिकणमाती धातूंना धरून ठेवते, हे खरे. पण उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या खोल भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी थेट खाली उतरते. त्यातच धुळे-नंदुरबार पट्ट्यात भूस्तरात घुसलेल्या डाइक नावाच्या उभ्या खडकभिंती भूजलाला कोठे अडवितात, तर कोठे वाट देतात. एका विहिरीचे पाणी स्वच्छ निघाले म्हणून शेजारची विहीर स्वच्छ असेलच असे नाही.

निष्कर्ष घाईने काढल्यास काय होते, याचे उदाहरण भोपाळमध्ये आहे. युनियन कार्बाइडच्या आवारात १९६९ पासून कारखान्याचा कचरा टाकला जात होता. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तेथे पाहण्या केल्या. १९९० मधील पाहणीत भूजल दूषित नसल्याचे म्हटले गेले. १९९७ च्या अहवालात आवारातील माती दूषित असल्याचे नमूद झाले. १९९९ मध्ये ग्रीनपीसच्या तपासणीत मातीत पारा आणि विहिरींच्या पाण्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये आढळली. २०१० मध्ये ‘नीरी’ व हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने उपचार करावयाच्या मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन दिला. जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलविलेला कचरा ३३७ टन होता. या दोन आकड्यांतील अंतर पुरेसे बोलके आहे. दरम्यानच्या वर्षांत कारखान्यालगतच्या वस्त्या तेच पाणी पीत होत्या.

अशा जागांसाठी देशात स्वतंत्र नियम झाले ते जुलै २०२५ मध्ये, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली. संशयित जागा शोधून त्यांची यादी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास कळविण्याचे काम त्यांत स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासनाकडे आहे. मंडळाने प्राथमिक मूल्यमापन ९० दिवसांत करावयाचे आहे. म्हणजे दोंडाईचा-वरवाडे नगरपरिषदेसारख्या संस्थेलाही आपल्या हद्दीतील जुने जिन, तेलगिरण्या व गोदामे यांचा इतिहास धुंडाळावा लागेल. मोठ्या शहरातील गिरणीची निदान वर्तमानपत्रांत नोंद सापडते. तालुक्याच्या गावातील जिनची दप्तरे मात्र मालकी बदलताना रद्दीत जातात आणि राख कोठे टाकली जाई हे सांगू शकणारे फायरमन, फिटर आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या मुलाखती घेण्यास ९० दिवसांची मुदत सुरू होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व रसायनशास्त्र विभागांना त्या आजही घेता येतील.